बेडकाच्या भ्रूणात पेशी आपली वाट कधी धरतात, आणि ते प्रयोगातून कसं वाचायचं

बेडकाचं अंडं फलित झालं की पुढच्या नऊ-दहा तासांत त्यातल्या हजारो पेशींची मोठी वाटणी होऊन जाते. कातडी आणि मज्जासंस्था कोणाकडे, स्नायू आणि रक्त कोणाकडे, आतडं कोणाकडे, हे बरंचसं ठरतं. जनुकं मात्र सगळ्यांकडे तीच असतात. फरक पडतो तो कोणतं जनुक कुठे, किती आणि कधी चालू झालं याने. यातल्या 'कुठे' आणि 'किती' यांवर पाठ्यपुस्तकांत भरपूर मजकूर सापडतो, पण 'कधी' हा प्रश्न एखाद्या तक्त्यात उरकलेला असतो. माझं ठाम मत आहे की सुरुवातीच्या भ्रूणातलं जनुक-नियमन समजायचं तर आधी घड्याळ समजून घ्यावं. एकच सिग्नल चौथ्या तासाला पाठ घडवतो आणि आठव्या तासाला पोट घडवायला मदत करतो. ही गोष्ट हाताने करून पाहिली की बाकीचं चित्र आपोआप जुळू लागतं.

हा लेख एमएस्सीच्या किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी आहे. प्राणी म्हणजे झेनोपस लेविस, दक्षिण आफ्रिकेतला नखवाला बेडूक. सव्वा मिलिमीटरचं अंडं, शरीराबाहेर होणारी वाढ आणि हवी तेव्हा अंडी मिळण्याची सोय, यामुळे तो जगभरच्या प्रयोगशाळांत रुळला. पृष्ठवंशीय प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, ती आधी घ्या. आणि हा बेडूक किंवा त्याचे टॅडपोल बाहेरच्या पाण्यात कधीही सोडू नका. चिली, कॅलिफोर्निया, फ्रान्स अशा ठिकाणी तो मोकळा सुटून स्थानिक जिवांच्या मुळावर उठला आहे.

घड्याळ लावणं

आदल्या संध्याकाळी मादीला एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात, साधारण ५०० ते ८०० युनिट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंडी देऊ लागते. हलक्या हाताने पोट दाबून अंडी कोरड्या पेट्री डिशमध्ये घ्यायची, त्यावर नराच्या वृषणाचा तुकडा कुस्करून फिरवायचा आणि काही मिनिटांनी दहापट पातळ केलेलं एमएमआर हे क्षारांचं द्रावण ओतायचं. द्रावण ओतलं तो शून्य मिनिट. डिशच्या झाकणावर तीच वेळ लिहा, कारण इथून पुढचं प्रत्येक पाऊल त्या आकड्यावर चालणार आहे.

पंधरा-वीस मिनिटांत फलित अंडी आवरणाच्या आत फिरतात आणि गडद बाजू वर येते. ती अॅनिमल बाजू, खालची पिवळट पांढरी ती वेजिटल बाजू. जी फिरली नाहीत ती बहुधा फलित नाहीत. मग अंड्याभोवतीचा चिकट थर दोन टक्के सिस्टीनच्या द्रावणात काढायचा, पीएच ७.८ ते ८. अंडी एकमेकांना खेटून बसू लागली की थर गेला. लगेच भरपूर वेळा धुवा, सिस्टीनमध्ये जास्त वेळ राहिलेली अंडी पुढे दगा देतात.

तापमान २३ अंश सेल्सिअस धरलं तर वेळापत्रक असं: पहिलं विभाजन दीड तासाने, आठ पेशी सव्वादोन तासांनी, ३२ पेशी तीन तासांच्या आसपास, ब्लास्टुलाची (पोकळ चेंडूसारख्या भ्रूणाची) आठवी अवस्था पाच तासांनी, नववी सात तासांनी आणि गॅस्ट्रुलाची (पेशी आत वळून थर रचू लागतात ती) दहावी नऊ तासांनी. अवस्थांचे हे क्रमांक न्यूकूप आणि फाबर यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातले, आजही तेच चालतात. पेटी १५-१६ अंशांवर ठेवली की वाढ मंदावते, आणि प्रयोग सोयीच्या वेळेवर आणता येतो. पण मग तासांवर विसंबू नका, सूक्ष्मदर्शकाखाली अवस्था बघूनच नोंद करा. पहिली दोन विभाजनं वेडीवाकडी झालेले भ्रूण त्याच क्षणी बाजूला काढा.

आईची शिदोरी कुठे बांधली आहे

पहिले सहा-सात तास भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. सगळा कारभार आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो, आणि ही शिदोरी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. वाटणीची मुळं इथे आहेत.

व्हेगटी या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचा (डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचा) आरएनए वेजिटल टोकाला बांधलेला असतो. विभाजनं होत जातात तसा तो खालच्या पेशींच्याच वाट्याला येतो. १९९८ साली मातृक, म्हणजे आईकडून आलेला, व्हेगटी काढून टाकलेल्या अंड्यांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्या भ्रूणांत अंतःस्तर, म्हणजे आतडं देणारा सगळ्यात आतला थर, नीट घडलाच नाही, आणि ज्या पेशी आतडं व्हायच्या त्या वरच्या थरांसारख्या वागू लागल्या. व्हीजी१ हा सिग्नल देणारा घटकही याच टोकाला असतो.

दुसरी गोष्ट जास्त नाट्यमय आहे. शुक्राणू शिरल्यावर, पहिलं विभाजन होण्याआधी, अंड्याचा बाहेरचा पातळ थर आतल्या गराच्या तुलनेत सुमारे ३० अंशांनी सरकतो. त्याबरोबर वेजिटल टोकाचे काही घटक शुक्राणूच्या विरुद्ध बाजूला ओढले जातात, आणि तिथे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकून राहून पेशीकेंद्रकात जमतं. ती बाजू पुढे पाठ होते. सरकण्याच्या आधी वेजिटल टोकावर अतिनील किरण टाकले की हा थर सरकतच नाही, आणि भ्रूण पाठ, डोकं काही नसलेला, पोटाचाच एक गोळा बनतो. हा प्रयोग प्रत्येक नवख्याने एकदा करावा. साधनं कमी लागतात, आणि दीड तासाच्या आतली एक छोटी हालचाल सबंध शरीराचा आराखडा ठरवते हे डोळ्यांनी दिसतं.

जनुकं जागी होतात तो क्षण

बारा विभाजनं भराभर, एकाच लयीत होतात. पेशी साधारण चार हजारांवर पोचल्या की लय मोडते, पेशी आपापल्या गतीने विभागू लागतात आणि भ्रूणाची स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर चालू होतात. न्यूपोर्ट आणि किर्शनर यांनी १९८२ साली या वळणाचं सविस्तर वर्णन केलं. ते मिड-ब्लास्टुला ट्रान्झिशन या नावाने ओळखलं जातं, प्रयोगशाळेत सगळे एमबीटी म्हणतात. प्रत्येक विभाजनाबरोबर केंद्रकांतला डीएनए वाढतो, पेशीद्रव्य मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे जनुकांना दाबून ठेवणारे घटक, डीएनए गुंडाळणारी हिस्टोन प्रथिनं त्यांत आलीच, डीएनएच्या मानाने कमी पडू लागतात. गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या भ्रूणात हे वळण एक विभाजन उशिरा येतं, तेही याच हिशोबात बसतं.

पण एमबीटी म्हणजे एकदम उघडलेलं दार समजू नका. नोडल या सिग्नल देणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातली एक्सएनआर५ आणि एक्सएनआर६ ही जनुकं त्याआधीच, वेजिटल पेशींत, व्हेगटी आणि बीटा-कॅटेनिन यांच्या जोडीने चालू झालेली सापडतात. फॉक्सएच१ सारखे मातृक घटक तर जनुकं जागी होण्याआधीच एन्हान्सरवर (जनुकाला चालना देणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यावर) जाऊन बसलेले असतात. सहा तासांची ही शांतता म्हणजे तयारीचा काळ आहे. या काळात नमुने घेताना दर अर्ध्या तासाला घ्या, तासातासाने घेतले तर क्रम हातून निसटतो.

तीन थर आणि पाठ-पोट

नोडल वेजिटल पेशींतून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींत स्मॅड२ या प्रथिनाला फॉस्फेट लावून जागं करतो. स्मॅड२ फॉक्सएच१ सारख्या साथीदारांबरोबर डीएनएवर बसतो. सिग्नल भरपूर असेल तिथे सॉक्स१७ आणि अंतःस्तराची जनुकं, मध्यम असेल तिथे ब्रॅक्युरी हे जनुक आणि मध्यस्तर (स्नायू, रक्त), आणि पोचलाच नाही तिथे बाह्यस्तर (कातडी, मज्जासंस्था). न्यूकूपने १९६९ साली भ्रूणाच्या वरच्या, गडद बाजूची टोपी आणि खालचा वेजिटल तुकडा एकत्र ठेवून मध्यस्तर निर्माण होतो हे दाखवलं होतं. त्यामागचा रेणू कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

पाठीच्या बाजूला नोडल आणि बीटा-कॅटेनिन एकत्र येतात. बीटा-कॅटेनिन सायमोइस जनुक चालू करतो, त्यातून गूसकॉइड आणि पुढे कॉर्डिन, नॉगिन अशी जनुकं जागी होतात. हीच जागा म्हणजे ऑर्गनायझर. हिल्डे मँगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी १९२४ साली न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या भ्रूणात हा तुकडा पोटाच्या बाजूला रोवून दुसरं अख्खं शरीर उगवलेलं दाखवलं. रंग वेगळा असलेल्या दोन जाती घेतल्यामुळे नव्या शरीरात दात्याच्या पेशी कोणत्या आणि यजमानाच्या कोणत्या हे ओळखता आलं, आणि नवी मज्जासंस्था बहुतेक यजमानाच्याच पेशींची निघाली. श्पेमानला १९३५ सालचं नोबेल मिळालं. हिल्डे मात्र शोधनिबंध निघाला त्याच वर्षी, तरुण वयात अपघातात गेली.

कॉर्डिन आणि नॉगिन काय करतात? नवीन आज्ञा देत नाहीत, बीएमपी या सिग्नल देणाऱ्या प्रथिनाला पेशीच्या बाहेरच धरून ठेवतात. बीएमपी पोचला तर बाह्यस्तराची पेशी कातडी होते, रोखला गेला तर मज्जापेशी.

घड्याळाचा प्रयोग: एकच जनुक, दोन रूपं

आता लेखाच्या मुख्य प्रयोगाकडे. डब्ल्यूएनटी८ हे बीटा-कॅटेनिनचा मार्ग चालू करणाऱ्या सिग्नलचं जनुक घ्या आणि ते दोन प्रकारे तयार ठेवा: एक टोकाला रासायनिक टोपी (कॅप) लावलेला आरएनए, पीसीएस२ सारख्या वाहकावरून एसपी६ एन्झाइमने बनवलेला, आणि दुसरा प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, ज्यावर भ्रूणात चालणारा प्रमोटर (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) आहे. आरएनएचं भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणं, लगेच सुरू होतं. प्लाझमिड एमबीटीपर्यंत गप्प बसतो, कारण तोपर्यंत डीएनएवरून आरएनए बनणंच जवळजवळ बंद असतं. म्हणजे तुमच्या हातात एकाच जनुकाचे लवकरचा आणि उशिराचा असे दोन डोस आहेत.

चार पेशींच्या अवस्थेत भ्रूण तीन टक्के फायकॉलच्या द्रावणात ठेवा, त्याने सुई काढल्यावर द्रव बाहेर गळत नाही. गडद आणि मोठ्या दिसणाऱ्या दोन पेशी पोटाच्या बाजूच्या, फिकट आणि किंचित लहान त्या पाठीच्या. पोटाकडच्या एका पेशीत, मध्यरेषेच्या (वरची गडद आणि खालची फिकट बाजू जिथे मिळते त्या पट्ट्याच्या) जरा खाली, पाच नॅनोलिटर सोडा. प्रत्येक वेळी सुईचं टोक तेलाच्या थेंबात उडवून थेंबाचा व्यास मोजा. सुई बदलली की पुन्हा मोजा. सोबत जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचा आरएनए मिसळा, म्हणजे माल खरंच त्या जागी पोचला का हे नंतर दिसेल. काही दहा पिकोग्रॅम आरएनए पुरतो. गॅस्ट्रुला सुरू होण्याआधी सगळे भ्रूण दहापट पातळ एमएमआरमध्ये हलवा, नाहीतर जास्त क्षारांत आतले थर बाहेर वळतात आणि प्रयोग फुकट जातो.

आरएनए दिलेल्या भ्रूणांत दुसरी पाठ, बरेचदा दुसरं डोकंही उगवतं. प्लाझमिड दिलेल्यांत तसं होत नाही. आणि तोच प्लाझमिड पाठीच्या बाजूला दिला तर डोकं खुरटतं. क्रिश्चन आणि मून यांनी १९९३ साली हेच दाखवलं होतं. कारण असं की एमबीटीआधी बीटा-कॅटेनिनचा मार्ग सायमोइसकडे जातो, नंतर तोच मार्ग पोटाची आणि मागच्या भागाची जनुकं पुढे रेटतो. मार्ग तोच राहतो, पण पेशीत तोवर उघडलेले एन्हान्सर आणि हजर असलेले साथीदार बदललेले असतात. म्हणूनच "अमुक जनुक पाठ घडवतं" असं वाक्य वहीत लिहू नका. "अमुक जनुक अमुक अवस्थेत, अमुक पेशींत पाठ घडवतं" असं लिहा.

अॅनिमल कॅप: हाताचं काम

वरच्या टोपीचा तुकडा एकटा वाढवला की तो फक्त कातडीसारखा गोळा होतो. पण योग्य वेळी योग्य सिग्नल मिळाला तर त्यातून स्नायू, नोटोकॉर्ड (पाठीचा लवचिक दांडा), अंतःस्तर, मज्जापेशी, काहीही काढता येतं. म्हणून एखादं जनुक वाट ठरवायला पुरेसं आहे का, हे तपासायला यासारखी जागा नाही.

डिशच्या तळाला अॅगरोजचा थर द्या, उघडा भ्रूण नुसत्या प्लास्टिकला चिकटून फाटतो. आठव्या-नवव्या अवस्थेतला भ्रूण घ्या. पाच नंबरच्या दोन बारीक चिमट्यांनी भोवतीचं पारदर्शक आवरण धरा. पकड वेजिटल बाजूने घ्या, म्हणजे ओरखडा आला तरी टोपीला लागत नाही. दोन्ही चिमटे एकमेकांपासून दूर ओढले की आवरण फाटतं आणि भ्रूण किंचित पसरतो. आता गडद बाजू वर करा. आत पोकळी आहे, त्यामुळे टोपीच्या मधला भाग पातळ असतो आणि खालून प्रकाश दिला तर उजळ दिसतो. त्या उजळ भागाच्या आतच चार छोटे काप घ्यायचे. तुकडा बाजूला काढल्यावर त्याच्या कडा तपासा. एका कडेला फिकट, मोठ्या पेशींची जाड पट्टी दिसली तर तुम्ही मध्यरेषेत शिरलात, तो तुकडा टाकून द्या. अशा तुकड्यात मध्यस्तराच्या पेशी आधीच असतात, आणि मग काहीही न देता ब्रॅक्युरी सापडतो. मोह खूप होतो, पण मोठा तुकडा घेऊ नका.

तुकडे अर्ध्या ताकदीच्या एमएमआरमध्ये ठेवा. तासाभरात कडा आत वळून गोळा बंद होतो. अॅक्टिव्हिन (नोडलसारखाच सिग्नल देणारं प्रथिन) द्यायचं असेल तर कापल्यावर लगेच द्या, गोळा बंद झाल्यावर प्रथिन आत पोचत नाही. दहावी अवस्था उलटली की टोपीची मध्यस्तर बनण्याची तयारीही ओसरते. इथेही घड्याळच.

काही तासांनी नुसतं बघूनच बरंच कळतं. काहीही न दिलेले तुकडे गोल राहतात. अॅक्टिव्हिन मिळालेले लांबतात, मुसळासारखे, कारण मध्यस्तराच्या पेशी एकमेकींत घुसून पुढे सरकू लागतात. मात्रा वाढवत नेली की तीच टोपी आधी पोटाकडचा मध्यस्तर, मग स्नायू, मग नोटोकॉर्ड आणि शेवटी अंतःस्तर अशा पायऱ्या चढते. ग्रीन आणि स्मिथ यांनी १९९० साली मात्रेतला थोडा फरकही वेगळी पेशी घडवतो हे मोजून दाखवलं.

निकाल वाचताना

दहा ते वीस तुकड्यांतून आरएनए काढा आणि क्यूपीसीआर करा, म्हणजे कोणत्या जनुकाचा आरएनए किती आहे हे मोजा. कातडीसाठी केराटिन, मज्जासंस्थेसाठी सॉक्स२ आणि एनकॅम, मध्यस्तरासाठी ब्रॅक्युरी, अंतःस्तरासाठी सॉक्स१७, तुलनेसाठी ओडीसी. सोबत अख्खा भ्रूण, न छेडलेले तुकडे आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेला नमुना हवेतच.

एक सापळा सांगतो. नॉगिन दिल्यावर एनकॅम वाढला म्हणजे नॉगिनने थेट मज्जापेशी घडवल्या असं नाही. आधी मध्यस्तर बनून त्याने शेजाऱ्यांना मज्जापेशी व्हायला लावलं असेल. म्हणून त्याच नमुन्यात स्नायूंचं अॅक्टिन बघा. ते नसेल आणि एनकॅम असेल तरच परिणाम थेट म्हणता येतो.

तशीच अडचण "हे जनुक ते जनुक चालू करतं" म्हणताना येते. मध्ये तिसरं कोणी नाही ना? त्यासाठी सायक्लोहेक्झिमाइड देऊन नवीन प्रथिनं बनणं थांबवतात. तरीही लक्ष्य जनुक चालू झालं, तर मधला दुवा बनायला वावच नव्हता. अॅक्टिव्हिन देऊन ब्रॅक्युरी आणि गूसकॉइड असे चालू होतात. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर तपासताना तो ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या तुकड्याला जोडतात आणि डेक्सामेथासोन देऊन हव्या त्या मिनिटाला जागा करतात. सायक्लोहेक्झिमाइड अर्धा तास आधी द्या.

जनुक काढून पाहताना

पुरेसं आहे का हे कळलं, आवश्यक आहे का हे उरलं. मॉर्फोलिनो हा आरएनएला चिकटणारा कृत्रिम तुकडा भाषांतर किंवा स्प्लायसिंग (आरएनएची कापाकापी-जोडणी) अडवतो, पण अंड्यात आधीच साठवलेल्या प्रथिनाला हात लावत नाही. डीएनए कापून जनुक बिघडवणारं क्रिस्परही मातृक आरएनएचं काही करू शकत नाही. मातृक घटकांसाठी फलनाआधीच्या अंडपेशीत अँटीसेन्स (त्या आरएनएला जुळून तो नष्ट करणारा तुकडा) सोडून ती दुसऱ्या मादीमार्फत वाढवावी लागते. काम किचकट आहे, पण व्हेगटी आणि बीटा-कॅटेनिनबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यातूनच आला.

लेविसमध्ये आणखी एक पेच असतो. दोन जातींच्या संकरातून त्याचा जीनोम दुप्पट झाला, गुणसूत्रं ३६, आणि बऱ्याच जनुकांच्या एल आणि एस अशा दोन प्रती आहेत. २०१६ साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा हे नीट उलगडलं. मॉर्फोलिनो दोन्ही प्रतींवर बसतो का ते आधी जुळवून बघा. क्रिस्परसाठी शक्य असेल तर झेनोपस ट्रॉपिकॅलिस घ्या, त्याची गुणसूत्रं २० आणि प्रत एकच. परिणाम दिसला की तो उलटवून दाखवणं बंधनकारक माना: मॉर्फोलिनो ज्यावर बसणार नाही असा त्याच जनुकाचा आरएनए सोबत द्या. एकट्या मॉर्फोलिनोने भ्रूणाची प्रतिकारयंत्रणाही चाळवू शकते, त्यामुळे हा पुरावा नसेल तर निकाल धरू नका.

बेडूक नसतील तर

आपल्याकडे झेनोपस पाळणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत, म्हणून थांबायचं कारण नाही. झेनबेस हे संकेतस्थळ मोफत आहे. तिथे ब्रॅक्युरी, सॉक्स१७, सायमोइस, कॉर्डिन यांची पानं उघडा. आरएनए कोणत्या अवस्थेत किती आहे याचे आलेख मिळतात, इन सिटू पद्धतीने रंगवलेल्या भ्रूणांची चित्रंही मिळतात. एका कागदावर आडवा अक्ष तासांचा आखा, शून्य ते चौदा. सहा-सात तासांच्या पट्ट्यावर एमबीटी लिहा. प्रत्येक जनुक आलेखात जिथे वर उठतं तिथे खूण करा, आणि ज्यांचा आरएनए अंड्यात आधीपासून आहे ती वेगळ्या रंगाने. मग कोण कोणाच्या आधी आहे ते बघा. जे नंतर आलं ते आधीच्याचं कारण असू शकत नाही, त्यामुळे नियमनाच्या जाळ्यातले निम्मे चुकीचे बाण इथेच गळून पडतात. उरलेल्यांपैकी एक बाण निवडा आणि तो तपासायला वरचा कोणता प्रयोग लागेल, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या कंट्रोलसह, ते कागदाच्या मागे लिहून काढा.